भिन्न प्लॅस्टिकांचे सांधे : चिकटवू नका, आवळा

चामड्याच्या मोटेची, मातीच्या पाटाची आणि लोखंडी नळाची जागा आपल्या शिवारात आता बहुतांशी प्लॅस्टिकने घेतली आहे. विहिरीपासून मळ्यापर्यंत पाणी नेणारा नळ प्लॅस्टिकचा, झाडाच्या बुंध्याशी पाणी ठिबकविणारी नळी प्लॅस्टिकची, शेततळ्याचे अस्तर प्लॅस्टिकचे आणि औषध फवारण्याच्या पंपाची टाकीही प्लॅस्टिकचीच. या साऱ्यांना आपण एकाच नावाने ओळखतो. त्यामुळे ही सर्व एकच वस्तू असावी आणि एकाच डब्यातील सोल्यूशनने ती एकमेकींस जोडता यावी, असा समज सहजच होतो. हा समज चुकीचा आहे आणि तो शेतकऱ्यास दरवर्षी महागात पडतो.

हे नुकसान बहुधा ऐन उन्हाळ्यात होते. मोसंबीच्या वा डाळिंबाच्या बागेस पाण्याची निकड असते, वीज मोजकेच तास मिळते आणि नेमक्या त्याच वेळी नळ व नळी यांचा सांधा सुटतो. मग सोल्यूशनचा डबा भेसळीचा होता असे कोणी म्हणतो, तर दुकानदार शेतकऱ्याच्या हातास दोष देतो. माझ्या मते अशा बहुसंख्य प्रसंगी दोष ना डब्याचा असतो, ना हाताचा. ज्या दोन वस्तू चिकटण्याजोग्या नाहीत, त्या चिकटविण्याचा प्रयत्न झालेला असतो, हेच खरे कारण होय. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने आणि आम्हा विस्तार कार्यकर्त्यांनीही एक साधा नियम अंगी बाणवावा. एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकचा सांधा त्याच्या योग्य रीतीने एकजीव करावा. दोन भिन्न प्लॅस्टिकांचा सांधा मात्र चिकटवू नये, तो रबर, आटे वा पट्टा यांच्या साहाय्याने आवळावा.

दोन प्लॅस्टिक, दोन स्वभाव

आपल्या शेतात मुख्यत्वे दोन प्रकारची प्लॅस्टिक आढळतात. जमिनीत पुरलेला, कडक, राखी वा पांढरा नळ हा पी.व्ही.सी.चा असतो. जमिनीवर अंथरलेली, वाकणारी, काळी ठिबक नळी, म्हणजे जिला आपण लॅटरल म्हणतो ती, पॉलिएथिलीनची असते. तुषार सिंचनाचे काळे नळ, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि शेततळ्याचे अस्तर हेही बहुधा याच पॉलिएथिलीनच्या कुळातील. त्याच्या दणकट प्रकारास बाजारात एच.डी.पी.ई. असे म्हणतात.

पी.व्ही.सी. तयार होताना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑइगेन बाउमान यांनी १८७२ साली पाहिले होते. त्याच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. पॉलिएथिलीन त्यामानाने अलीकडचे. इंग्लंडमधील नॉर्थविचजवळ विनिंग्टन येथे एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन यांच्या हाती ते १९३३ साली लागले. त्याचा दणकट प्रकार कमी दाबाखाली तयार करण्याची रीत १९५३ साली जर्मनीतील म्यूल्हाइम येथे कार्ल झीग्लर यांनी शोधली. पॉलिएथिलीनमध्ये केवळ कार्बन व हायड्रोजन ही दोनच मूलद्रव्ये असतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ते मेणबत्तीच्या मेणाचेच दूरचे नातलग होय. मेणबत्तीवर डिंकाने कागद चिकटवून पाहावा, म्हणजे पुढील सारी गोष्ट उमगेल.

सोल्यूशन म्हणून जे द्रव्य आपण वापरतो तो वास्तविक डिंक नव्हेच. तीव्र द्रावकात विरघळविलेले ते पी.व्ही.सी.च असते. नळावर ते लावले की द्रावक नळाचा वरचा थर मऊ करतो. नळ व सॉकेट यांचे मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. भाकरीच्या पिठाचे दोन ओले गोळे दाबले असता एक होतात, तसेच हे आहे. तो चिकटविलेला सांधा नसून एकजीव झालेला सांधा असतो. म्हणूनच नीट केलेला पी.व्ही.सी.चा सांधा नळाइतकाच पक्का राहतो.

हेच सोल्यूशन पॉलिएथिलीनवर लावले तर काय होते? काहीच होत नाही. नेहमीच्या तापमानात त्या द्रावकास पॉलिएथिलीन दाद देत नाही. त्याचा थर मऊ होत नाही, म्हणून मिसळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सोल्यूशन वाळून त्याची एक पातळ साल तयार होते आणि ती नखाने सोलून काढता येते. अळवावरच्या पाण्याची उपमा आपल्या परिचयाची आहे. पॉलिएथिलीनवर बहुतेक चिकट द्रव्यांची गत तशीच होते. ती पृष्ठभागावर पसरून बसत नाहीत, थेंब धरून राहतात आणि वाळली की सुटतात. ज्या गुणामुळे पॉलिएथिलीन खत, आम्ल व औषध यांस पुरून उरते, त्याच गुणामुळे ते डिंकासही जुमानत नाही. म्हणजे हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. आंब्याच्या खुंटावर आंब्याचे कलम धरते. बाभळीच्या खुंटावर ते बांधून कितीही पाणी घातले तरी धरत नाही. त्यात माळ्याच्या हाताचा दोष काढण्यात अर्थ नसतो.

धरलेला सांधाही का सुटतो

क्वचित एखादा जाड डिंक वा इपॉक्सी नावाचा दोन पुड्यांचा लांबी पॉलिएथिलीनवर काही दिवस टिकतो आणि शेतकऱ्यास हुरूप येतो. परंतु त्या सांध्यास तीन शत्रू असतात.

पहिला शत्रू ऊन. तापल्याने पॉलिएथिलीन पी.व्ही.सी.च्या जवळजवळ अडीच ते तीन पट वाढते. ५० मीटर लांबीची काळी नळी पहाटेपेक्षा दुपारी ३० अंश सेल्सिअसने अधिक तापली, तर तिची लांबी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीचा पी.व्ही.सी. नळ तितकाच तापला तरी सुमारे १० सेंटिमीटरच वाढेल. शिवाय तो जमिनीखाली असल्याने तितका तापतही नाही. एक बाजू जागेवर स्थिर आणि दुसरी दररोज पुढेमागे सरकणारी, अशा खेचाखेचीत कडक वाळलेला डिंक तडकल्यावाचून राहत नाही.

दुसरा शत्रू पाण्याचा दाब. ६३ मिलिमीटर व्यासाच्या नळात चौरस सेंटिमीटरला २.५ किलो दाब असेल, तर नळाच्या बंद टोकावर सुमारे ७८ किलोचा रेटा बसतो. एका धडधाकट माणसाच्या वजनाहून अधिक भार सांध्यावर टांगावा, तसे हे आहे. पंप सुरू व बंद होताना बसणारा हिसका तो निराळाच. तिसरा शत्रू ओल. डिंक व नळी यांच्यामधील सूक्ष्म फटीत पाणी शिरले की सांधा आतून सुटू लागतो, आणि ते वरून दिसतही नाही.

गळती लहान दिसते, हिशेब मात्र मोठा होतो. मिनिटास १ लिटर गळणारा एक सांधा ४ तासांत २४० लिटर पाणी वाया घालवितो. ताशी ४ लिटर पाणी देणारे १५ ड्रिपर तेवढ्या वेळात जेवढे पाणी देतात, तेवढे हे पाणी होय. शिवाय गळतीमुळे दाब उतरतो आणि ओळीच्या शेवटच्या झाडांस पाणी पोहोचत नाही. ती झाडे पिवळी पडली की आपण खताचा वा रोगाचा विचार करू लागतो. सांध्याकडे कोणी पाहत नाही.

ओळख कशी पटवावी

प्रथम वस्तूवरील छाप वाचावा. पी.व्ही.सी. नळास भारतीय मानक ४९८५, एच.डी.पी.ई. नळास ४९८४, तर ठिबकच्या पॉलिएथिलीन नळीस १२७८६ हा क्रमांक असतो. छाप पुसला गेला असेल तर पाण्याची परीक्षा करावी. नळाचा नखाएवढा तुकडा कापून, स्वच्छ करून बादलीतील पाण्यात बोटाने बुडवावा आणि त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकावेत. पी.व्ही.सी. पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असल्याने तळाशी जाते. पॉलिएथिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते. पुष्कळशा जोडतुकड्यांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीनही तरंगते, आणि चिकटण्याच्या बाबतीत तेही तितकेच हट्टी आहे. थोडक्यात, जो तुकडा तरंगला त्यास सोल्यूशन लावू नये, एवढी खूणगाठ पुरेशी आहे. तुकडा जाळून वास घेण्याची रीत काही ठिकाणी रूढ आहे. ती सोडून द्यावी. जळत्या पी.व्ही.सी.मधून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू डोळ्यांस व फुप्फुसांस अपायकारक आहे.

आवळण्याच्या रीती

पुरलेल्या पी.व्ही.सी. नळातून ठिबक नळी काढावयाची असेल, तर रबरी ग्रोमेट व टेक-ऑफ ही जोडी वापरावी. ग्रोमेटच्या मापाच्याच गिरमिटाने नळास सरळ छिद्र पाडावे, कडेचा कीस काढून टाकावा आणि पाणी सोडून नळ धुऊन घ्यावा. नंतर ग्रोमेट बसवून टेक-ऑफ दाबून बसवावा. तो सहज जात नसेल तर साबणाचे पाणी लावावे. तेल वा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगण्याची व खराब होण्याची भीती असते. नळीचे टोक ताठर असेल तर ते गरम पाण्यात क्षणभर बुडवून मऊ करावे. आगपेटीच्या काडीने शेकू नये. येथे पाणी अडविण्याचे काम रबर करते. रबर दबते व पसरते, त्यामुळे उन्हाने होणारी हालचाल ते सोसते. जे काम वाळलेल्या डिंकास साधत नाही ते रबरास साधते, याचे मर्म हेच.

मोठ्या व्यासाचा पी.व्ही.सी. नळ एच.डी.पी.ई. नळास जोडावयाचा असेल, तर दोन्ही बाजूंस आपापल्या जातीचे फ्लँज बसवावेत. पी.व्ही.सी.चा सोल्यूशनने बसवावा, एच.डी.पी.ई.चा तापपट्टीने वितळवून. दोहोंमध्ये रबरी चकती ठेवून नट-बोल्ट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत. लहान व्यासास आटे असलेला जोड वा कॉम्प्रेशन जोड पुरतो. पाण्याच्या टाकीस नळ जोडताना आतून-बाहेरून वॉशर असलेला टाकीचा निपल बसवावा. टाकीच्या छिद्राभोवती सोल्यूशन ओतणे व्यर्थ होय. तापपट्टीने एच.डी.पी.ई. एच.डी.पी.ई.स उत्तम जुळते, पण म्हणून तिने पी.व्ही.सी. व एच.डी.पी.ई. एकमेकांस जोडू पाहू नये. ज्या उष्णतेने एक वितळते त्या उष्णतेने दुसरे करपते व विषारी धूर सोडते.

जेथे दोन्ही बाजू पी.व्ही.सी.च्या आहेत तेथे सोल्यूशन निःशंकपणे वापरावे. नळ स्वच्छ व कोरडा करावा, किती आत जावयाचा तेथे खूण करावी, दोन्ही अंगांस पातळ थर देऊन थोडा पीळ देत दाबावा आणि दाबाचे पाणी सोडण्यापूर्वी शक्यतो एक दिवस जाऊ द्यावा. घट्ट, दह्यासारखे झालेले सोल्यूशन पातळ करून वापरू नये. त्याची वाफ पेट घेते, म्हणून जवळ बिडी वा चूल नसावी.

शेततळे व फवारणी पंप

या नियमाची खरी कसोटी शेततळ्यात लागते. महाराष्ट्रात २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळ्यांचा प्रसार पुष्कळ झाला. अस्तर घातल्यावर पाणी काढण्यासाठी त्यास भोक पाडून पी.व्ही.सी. नळ घालावयाचा आणि भोवती डिंक थापावयाचा, ही रीत आढळते. अस्तर पॉलिएथिलीनचे, नळ पी.व्ही.सी.चा, तेव्हा तो डिंक सुटणार हे ठरलेलेच. माथ्याशी ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. सांध्यातून मिनिटास २ लिटर पाणी रात्रंदिवस झिरपले, तर १०० दिवसांत २८८ घनमीटर, म्हणजे साठ्याच्या आठव्या हिश्श्याहून अधिक पाणी जाते. शिवाय ते अस्तरामागे मुरून बांध पोकळ करते. माझे स्पष्ट मत असे की, शेततळ्याच्या अस्तरास भोकच पाडू नये. बांधावरून पंपाने वा वक्रनळीने पाणी घ्यावे. भोक अपरिहार्य असेल तर अस्तराच्या दोन्ही बाजूंस रबरी चकत्या व फ्लँज घालून ते नट-बोल्टांनी आवळावे. फाटलेल्या अस्तरास त्याच जातीचे ठिगळ गरम हवेच्या यंत्राने लावून घ्यावे.

पाठीवरच्या फवारणी पंपाबाबत तर तडजोड नकोच. टाकी सहसा पॉलिएथिलीनची असते. चिरलेल्या टाकीवर डिंकाचा लेप देऊन फवारणीस निघणे म्हणजे कीडनाशक आपल्याच पाठीवर ओतून घेण्याची तयारी होय. घामाने भिजलेल्या कातडीतून ते शरीरात शिरते. असा पंप बाजूस ठेवावा आणि टाकी बदलावी.

काही आक्षेप

जाणकार विचारतील, भिन्न प्लॅस्टिक कधीच चिकटत नाहीत काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. पी.व्ही.सी. व ए.बी.एस. ही दोन्ही काही समान द्रावकांत मऊ होतात, म्हणून त्यांच्यासाठी खास बनविलेल्या द्रव्याने ती जुळतात. कारखान्यांत पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागावर ज्योत वा विजेची प्रक्रिया करून तो छपाईस व चिकटविण्यास योग्य करतात, आणि पॉलिएथिलीन धरणारे खास डिंकही निघाले आहेत. परंतु ते महाग असतात, त्यांस स्वच्छ कोरडी जागा व नेमकी कृती लागते, आणि दाबाच्या पाण्याचा नळ त्यांच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नाही. शेताच्या बांधावर, धुळीत व घाईत करावयाच्या कामास ते उपयोगी नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. डबा स्वस्त, तो घरात असतोच. जोडतुकड्यांसाठी तालुक्यास जावे लागते, असे शेतकरी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण चिकटविलेला सांधा हंगामात तीनदा करावा लागतो आणि आवळलेला एकदाच. शिवाय तो उकलून पुन्हा वापरता येतो. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळणारा आणि वर तार पिळणारा शेतकरी खरे तर योग्य वाटेवर आहे. त्याने रबर व आवळण हेच तत्त्व आपल्या अनुभवाने शोधले आहे. त्याच्या हाती नेमका जोडतुकडा देणे एवढेच उरते.

ते काम कोणाचे? माझ्या मते केवळ शेतकऱ्याचे नव्हे. विक्रेत्याने पावतीवर ‘काळा पाइप’ असे मोघम न लिहिता प्लॅस्टिकचा प्रकार व मानक क्रमांक लिहावा. ठिबक संचाचे व शेततळ्याचे अंदाजपत्रक करताना नळ व नळी यांच्या लांबीबरोबरच प्रत्येक सांध्याचा तुकडाही मोजून लिहिला जावा. तो वगळला की त्या जागी डिंक येतो. आणि आम्ही विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात खत व बियाणे यांबरोबर अर्धा तास सांध्यासही द्यावा. पाण्याची बादली, दोन तुकडे, एक ग्रोमेट आणि एक गिरमिट एवढे साहित्य त्यास पुरते.

शेतकरी बंधुभगिनींनी उन्हाळ्यापूर्वी एकदा आपल्या शेतातील सर्व सांध्यांवरून फेरी मारावी. पी.व्ही.सी. व काळी नळी जेथे डिंकाने जोडली आहे तेथे खूण करावी, तुकड्यांची यादी व मापे लिहून घ्यावीत आणि पाण्याची पाळी सुरू होण्याआधी ते सांधे बदलून घ्यावेत. विहिरीतून काढलेला प्रत्येक लिटर झाडाच्या मुळाशीच पोहोचावा, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.